स्वतःविषयी बोलताना



 या व्याख्यानमालेच्या चालकांनी विषयाची निवड माझ्यावर सोपविली, तेव्हा गेली अनेक वर्षे ज्या प्रश्नाने मला स्वस्थ बसू दिले नाही तोच आपणांपुढे मांडावा, असे मी ठरविले. माणसाने स्वतःविषयी, आणि विशेषतः स्वतःच्या सुखदुःखाविषयी, इतरांपाशी कसे बोलावे, हा तो प्रश्न होय.

प्रश्न जुना असला तरी त्याला आज जी निकड आली आहे ती पूर्वी नव्हती. मनात क्षोभ उत्पन्न होणे आणि तो चारचौघांपुढे मांडला जाणे या दोहोंमध्ये पूर्वी स्वाभाविकपणेच काही काळ जात असे. पत्र लिहावयाचे म्हटले तर कागद आणि दौत जवळ असावी लागे, टपाल निघण्याची वेळ गाठावी लागे, आणि रात्री लिहिलेले पत्र सकाळी पुन्हा वाचून फाडून टाकण्याची मुभा लिहिणाऱ्याला राही. आता खिशातल्या मोबाइलने हे अंतर पार नाहीसे केले आहे. वडिलांची चिता विझण्यापूर्वी मुलगा आपल्या शोकाचा मजकूर लिहून मोकळा होतो, आणि किती जणांनी सांत्वनाचे दोन शब्द पाठविले हे सायंकाळी पाहत बसतो. त्याला नावे ठेवण्यासाठी मी हे सांगत नाही, कारण त्याचे दुःख खरे असते. परंतु त्या दुःखाचा अर्थ त्याला स्वतःला कळण्यापूर्वीच ते इतरांच्या हवाली झालेले असते, ही गोष्ट मला फार गंभीर वाटते.

या स्थितीवर दोन प्रकारचे उपदेश सध्या सर्वत्र ऐकू येतात. मनात काही ठेवू नका, सारे बोलून टाका, असे एक पक्ष सांगतो. भावनांवर ताबा ठेवा, चित्त शांत करा, असे दुसरा सांगतो, आणि त्यासाठी ध्यानाचे वर्ग कचेऱ्यांतूनही चालविले जातात. मला या दोन्ही उपदेशांत एकच उणीव दिसते. भावना ही जणू एकट्याचीच मालमत्ता आहे, ती खर्च करावी की राखून ठेवावी एवढाच काय तो सवाल, असे दोन्ही पक्ष धरून चालतात. मला अनुभवाने आणि वाचनाने निराळे वाटू लागले आहे. आपल्या दुःखाच्या शेजारी दुसऱ्याचे दुःख, आणि आपल्या गुणांच्या शेजारी आपले दोष, उभे राहू शकतील इतकी जागा मनात झाली म्हणजे जो येतो तो समतोल. त्यासाठी भावना क्षीण व्हावी लागत नाही. विनय म्हणून आपण ज्याला म्हणतो ती ही जागाच होय, आणि ती होण्यास काळ लागतो. हे केवळ तर्काने सिद्ध करण्याची माझी पात्रता नाही. म्हणून मराठी माणसांनी आणि मराठी स्त्रियांनी स्वतःविषयी जे लिहून ठेवले आहे त्याचीच साक्ष मी काढणार आहे.

पहिली साक्ष एका कारभाऱ्याची आहे. बाळाजी जनार्दन भानू, म्हणजेच नाना फडणीस, यांचा जन्म 1742 साली सातारा येथे झाला, आणि 1800 साली पुण्यात ते वारले तोपर्यंत मराठी राज्याचा जमाखर्च, सनदा, गुप्त बातम्या आणि कारस्थाने यांचा केवढा भार त्यांच्या लेखणीवर होता, हे आपण जाणता. वाईजवळच्या मेणवलीस कृष्णाकाठी त्यांचा वाडा आजही उभा आहे आणि मेणवली दप्तर तर इतिहाससंशोधकांच्या नित्य परिचयाचे आहे. परंतु या अफाट दप्तराहून मला अधिक मोलाचा वाटतो तो त्यांनी स्वतःविषयी लिहिलेला एक लहानसा, अपुरा लेख. पानिपतचा संग्राम झाला तेव्हा नाना अठरा वर्षांचे होते. सदाशिवरावभाऊंच्या स्वारीबरोबर आईला घेऊन तीर्थयात्रेच्या ओढीने ते उत्तरेत गेले होते, आणि 14 जानेवारी 1761 च्या त्या भयंकर दिवशी जी पळापळ झाली तीत त्यांचा जीव वाचला, पण आई कायमची अंतरली. या लेखात आपल्या शौर्याचे एक अक्षर नाही. तारुण्यातील कामवासनेने आपले मन कसे ढळत असे आणि रणभूमीवरून निघताना भयाने आपली काय अवस्था झाली, हे सारे त्यांनी कोणत्याही सबबीचा आश्रय न करता सांगितले आहे. ज्याचा सारा व्यवसायच गुप्ततेचा, त्याने आपल्या अंतःकरणाचे कुलूप असे उघडावे, याचे मला प्रथम नवल वाटले; पुढे वाटेनासे झाले. तो लेख ईश्वरापुढे उभे राहून लिहिलेला आहे, आणि ज्या श्रोत्याला सर्व आधीच ठाऊक आहे त्याच्यापुढे मोठे दिसण्याचा यत्न व्यर्थ ठरतो. स्वतःविषयी बोलणारा मनुष्य कोणत्या श्रोत्यापुढे बोलत आहे, यावर त्याच्या बोलण्याचा कस पुष्कळ अंशी अवलंबून असतो.

आता दुसरी साक्ष. आणि ती सार्वजनिक जीवनातली आहे. 1897 साली गोपाळ कृष्ण गोखले हिंदुस्थानच्या खर्चाची चौकशी करणाऱ्या वेल्बी कमिशनपुढे साक्ष देण्यासाठी इंग्लंडात गेले असता पुण्यात प्लेगच्या बंदोबस्ताच्या निमित्ताने घरोघर झडत्या चालल्या होत्या, आणि मित्रांच्या पत्रांतून त्यांना ज्या हकिकती कळत होत्या त्यांनी त्यांचे अंतःकरण पेटून उठले. गोखले स्वभावाने अत्यंत हळवे होते. गोऱ्या शिपायांनी स्त्रियांवर अत्याचार केल्याचा आरोप त्यांनी तेथे जाहीरपणे केला. मायदेशी परतल्यावर त्यांनी पुरावा मागितला, तेव्हा ज्यांनी लिहून कळविले होते त्यांच्यापैकी कोणी पुढे येईना. सिद्ध करता येत नाही असा आरोप मागे घेणे हे आपले कर्तव्य आहे, असे ठरवून त्यांनी गव्हर्नर, प्लेगचे अधिकारी आणि शिपाई यांची जाहीर माफी मागितली. आणि मग पुण्यापासून सर्वत्र त्यांची जी निर्भर्त्सना झाली तिचे वळ पुढे कित्येक वर्षे त्यांच्या मनावर राहिले.

त्या माफीची भाषा जरुरीपेक्षा अधिक नम्र होती असे म्हणणारे लोक त्या वेळीही होते, आणि मला स्वतःलाही तसेच वाटते. पुण्यातील रयतेचे हाल खोटे नव्हते, आणि ही गोष्ट माफीच्या भरात झाकली जाऊ नये होती. परंतु भित्रेपणाने ती माफी मागितली गेली, हे म्हणणे मात्र मी कधीही मान्य करणार नाही. जमावाच्या रोषापुढे आपण बोललेला शब्द मागे घेण्यास जे धैर्य लागते ते तो उच्चारण्यास लागणाऱ्या धैर्याहून कमी दर्जाचे नसते. पुढे कायदेकौन्सिलात त्यांच्या एकेका आकड्याला जे वजन प्राप्त झाले, त्याच्या मुळाशी 1897 सालचा हा जळजळीत अनुभव असावा, असे मी मानतो.

गोखल्यांचे गुरू न्यायमूर्ती रानडे यांची शांती प्रसिद्धच आहे. परंतु ती शांती घरात कशी दिसत होती हे आपणांस कळले ते त्यांच्या पत्नीच्या लेखणीमुळे. रमाबाई रानडे यांचे ‘आमच्या आयुष्यांतील कांही आठवणी’ हे पुस्तक 1910 साली, म्हणजे रानड्यांच्या मृत्यूनंतर नऊ वर्षांनी, गोखल्यांच्या प्रस्तावनेसह प्रसिद्ध झाले. अकराव्या वर्षी लग्न होऊन, एक अक्षर येत नसताना, त्या रानड्यांच्या घरी आल्या. पतीने त्यांना शिकविले. आणि घरातील वडीलधाऱ्या स्त्रियांचा या शिक्षणामुळे जो रोष झाला तो त्यांनी वर्षानुवर्षे निमूटपणे सोसला. आंब्याच्या मोजक्या फोडी खाऊन रानडे थांबले आणि का थांबले, हा जिव्हासंयमाचा प्रसंग आपण शाळेत असताना ऐकलेला असतो. मला त्याहून मोठा वाटतो तो 1879 सालचा. वासुदेव बळवंत फडक्यांच्या बंडाच्या सुमारास सरकारच्या मनात रानड्यांविषयी वहीम उत्पन्न झाला, धुळ्यास बदलीचा हुकूम निघाला, आणि त्यांचे टपाल फोडून पाहिले जाऊ लागले. तक्रारीचा एक अर्जही न करता रानडे हुकुमाप्रमाणे जागेवर रुजू झाले. आपल्यावरचा संशय आपल्या आचरणानेच दूर होईल, आणि तोपर्यंत संशय घेणाऱ्याचीही अडचण समजून घ्यावी, ही त्यांची वृत्ती होती.

कोणी म्हणेल, पतीच्या गौरवासाठी लिहिलेल्या या ग्रंथात लेखिकेचे आत्मप्रकटन ते कोठे आहे? पुस्तक नीट वाचले म्हणजे हा आक्षेप टिकत नाही. 1890 साली पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये चहा घेतल्यावरून जे ग्रामण्य, म्हणजे जातिबहिष्काराचे प्रकरण, माजले त्यात रानड्यांनी पुढे, 1892 साली, स्नेह्यांची अडचण दूर व्हावी म्हणून प्रायश्चित्त घेतले. आणि हे कृत्य आपणांस रुचले नाही, ही गोष्ट रमाबाईंनी लपवून ठेवली नाही. ज्या पुरुषाला त्या दैवताच्या ठिकाणी मानीत होत्या, त्याच्या एका निर्णयाविषयीचा आपला क्लेश त्यांनी त्याच आदरयुक्त, मृदू भाषेत नमूद करून ठेवला. सारे पुस्तक नम्रतेने भरलेले असल्यामुळे ही नापसंती वाचकाच्या मनात जितकी खोल जाते तितकी ती शंभर निषेधपत्रांनी गेली नसती. विनय म्हणजे मतशून्यता असे समजणाऱ्यांनी हे प्रकरण अवश्य वाचावे.

यानंतर ज्या ग्रंथाविषयी बोलावयाचे आहे त्याच्यासाठी मला सारे व्याख्यान दिले तरी पुरणार नाही. लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ 1934 पासून भागाभागाने प्रसिद्ध झाली. 1936 साली लक्ष्मीबाई वारल्या, तेव्हा चौथा भाग अपुरा राहिला होता. शाळेचे तोंड न पाहिलेल्या या स्त्रीच्या हातून मराठी गद्याचा एक अत्युच्च नमुना निर्माण झाला, ही गोष्ट आता सर्वमान्य आहे. नाशिकजवळच्या जलालपूरचे त्यांचे माहेर. वडिलांना सोवळ्याचे असे काही वेड लागले होते की, त्यांच्या धाकाने सारे घर हैराण असे. पती नारायण वामन टिळक हे प्रतिभावान, उदार, आणि त्याबरोबरच अत्यंत तापट व लहरी. घरातून एकाएकी निघून जावे, हाती आलेला पैसा कोणास तरी देऊन टाकावा, आणि 1895 साली तर पत्नीला विश्वासात न घेता ख्रिस्ती धर्माची दीक्षा घ्यावी! त्या वेळच्या ब्राह्मण स्त्रीच्या दृष्टीने ही बातमी वैधव्याहून दारुण होती. पदरी लहान मुलगा, पती जिवंत असून नाहीसा झालेला, जवळ पैसा नाही. अशा अवस्थेत त्यांनी पंढरपुरासारख्या ठिकाणी आप्तांच्या आश्रयाने वर्षे कंठली, आणि नंतर स्वतःच्या विचाराने पतीकडे परत जाऊन 1900 साली बाप्तिस्मा घेतला.

हे सारे दुःख त्यांनी सांगितले कधी? सुमारे चाळीस वर्षांनंतर. आणि सांगताना काय घडले आहे पाहा. टिळकांवर संतापण्याचा त्यांना पुरेपूर अधिकार होता, आणि त्या वेळी त्या संतापल्याही होत्या. तो संताप त्यांनी खोडून टाकलेला नाही. परंतु त्या संतापाशेजारीच टिळकांचे आतून तुटणे, त्यांची सत्याची तळमळ, त्यांचे वात्सल्य, ही सारी तितक्याच ठसठशीतपणे उभी राहतात. सोवळ्यापायी घराला छळणाऱ्या वडिलांविषयीसुद्धा वाचकाच्या मनात तिरस्कार उरत नाही, करुणा उरते. स्वतःच्या अज्ञानाच्या, हट्टाच्या आणि फजितीच्या गोष्टी त्या इतक्या मोकळेपणाने सांगतात की, जेथे आपण डोळे पुसावयाचे तेथे हसू येते आणि हसता हसता एकदम कंठ दाटतो. या विनोदाला कित्येक टीकाकार त्यांच्या स्वभावाची देणगी म्हणतात. तसे असेलही, पण माझे मत असे आहे की, चाळीस वर्षे ते दुःख मनात वागवीत असताना, ख्रिस्ती संसार सांभाळताना, दुष्काळात उघडी पडलेली परक्यांची मुले पोटाशी धरताना, आणि टिळकांचे अपुरे राहिलेले ‘ख्रिस्तायन’ हे काव्य पुरे करण्यास बसताना, त्या दुःखाचा कडवटपणा हळूहळू गळून जाऊन त्याचे केवळ सत्य तेवढे शिल्लक राहिले. दारच्या कैरीला आढीत घालून ठेवल्यावाचून तिचा आंबा होत नाही, आणि ती आढी रोज उकरून पाहणाऱ्याच्या हाती काही लागत नाही. 1895 सालीच जर लक्ष्मीबाईंच्या हाती आजचे साधन असते, तर त्यांनी काय लिहिले असते, हा विचार मनात येतो तेव्हा मी अस्वस्थ होतो. त्यांनी लिहिले असते ते खोटे नसते; पण त्यात टिळक नसते.

कर्वे दांपत्याविषयी थोडक्यात सांगतो. धोंडो केशव ऊर्फ अण्णा कर्व्यांचे ‘आत्मवृत्त’ 1915 साली आले आणि आनंदीबाईंचे ‘माझे पुराण’ 1944 साली. ही दोन पुस्तके एकाशेजारी एक ठेवून वाचावीत, अशी माझी आपणांस विनंती आहे. अण्णांनी आपला बुजरेपणा, परीक्षेसाठी आपल्या मुरुड गावाहून साताऱ्यापर्यंत केलेली पायपीट आणि वय लहान दिसते म्हणून तेथे मिळालेला नकार, हे सारे जमाखर्चाच्या वहीसारख्या निर्विकार भाषेत मांडले आहे. आयुर्विम्याचे 5,000 रुपयेसुद्धा त्यांनी विधवांसाठी काढलेल्या आपल्या आश्रमाला देऊन टाकले. त्या त्यागाची झळ ज्या चुलीला लागली ती चूल दुसऱ्या पुस्तकात आहे. बालपणी वैधव्य आलेल्या, शारदासदन या स्त्रीशिक्षणसंस्थेतील पहिल्या विधवा विद्यार्थिनी असलेल्या, आणि 1893 साली पुनर्विवाह करून मुरुडकरांच्या बहिष्काराला तोंड दिलेल्या या स्त्रीने संसाराची ओढाताण आडपडदा न ठेवता सांगितली आहे, आणि तरीही पतीच्या कार्याविषयीचा तिचा अभिमान तसूभर कमी होत नाही. अण्णांचा विनय थोर खरा. पण तो पुरता कळण्यास आनंदीबाईंची तक्रार ऐकावी लागते.

येथवर आलो म्हणजे एक आक्षेप मला स्वतःलाच घ्यावासा वाटतो, आणि तो टाळून पुढे जाणे अप्रामाणिकपणाचे होईल. विनयाचा उपदेश आपल्या समाजात आजवर कोणी कोणाला केला? पुरुषांनी स्त्रियांना, सवर्णांनी दलितांना, धन्याने कुळाला. ज्यांना वाकविले जात होते त्यांनाच नम्रतेचे पाठ देण्यात आले, आणि त्यांच्या मुकेपणाला शालीनता हे गोड नाव मिळाले. काळ जाऊ द्यावा, मग बोलावे, असे जे मी म्हणतो ते अशा माणसाला मी कोणत्या तोंडाने सांगावे?

या प्रश्नाचे उत्तर मी दोन दलित लेखकांच्या आत्मकथनांत शोधले. 1978 साली दया पवारांचे ‘बलुतं’ प्रसिद्ध झाले तेव्हा मराठी वाचकवर्ग हादरला. त्या पुस्तकाची घडण मात्र फारशी लक्षात घेतली गेली नाही. दगडू मारुती पवार आपली कहाणी दया पवारांना सांगतो आहे. म्हणजे लेखकाने स्वतःचेच दोन भाग केले आहेत, एक सांगणारा आणि एक ऐकणारा. गावकीतला, मुंबईच्या कावाखान्यातला पोर आणि शिकून नोकरीला लागलेला, नाव बदललेला गृहस्थ समोरासमोर बसले आहेत, आणि ऐकणाऱ्यापासून सांगणाऱ्याला काही लपविता येत नाही. स्वतःचा भित्रेपणासुद्धा नाही. नानांनी जो श्रोता ईश्वराच्या ठिकाणी शोधला तो पवारांनी स्वतःच्या ठिकाणी निर्माण केला. विद्रोह आणि विनय एका ठिकाणी नांदू शकतात, याची मला त्या पुस्तकाने खात्री पटविली.

बेबीताई कांबळे यांचे ‘जिणं आमुचं’ 1986 साली ग्रंथरूपाने आले. फलटणला लहानसे दुकान चालविता चालविता, पुड्या बांधण्यासाठी घेतलेल्या रद्दीतले वाचीत वाचीत त्यांनी ते लिहिले, आणि नवऱ्याच्या धाकाने सुमारे वीस वर्षे ते लिखाण घरात लपवून ठेवले. पुस्तकाच्या नावातच ‘आमुचं’ आहे, आणि आतही बाई एकट्या स्वतःविषयी फार थोडे बोलतात. वीरगावच्या महारवाड्याचे उपासमारीचे जिणे, तेथील बायाबापड्या, आणि बाबासाहेबांच्या चळवळीने त्यांच्यात आलेले भान, हेच त्यांचे आत्मचरित्र आहे. आपल्या समाजावर झालेल्या अन्यायाची आग त्या पानोपानी ओततात. आणि त्याच लेखणीने त्याच महारवाड्यात सासवांनी सुनांचा कसा छळ केला हेही लिहितात. अन्याय सोसणाऱ्याच्या हातूनही अन्याय घडतो, हे स्वतःच्या माणसांविषयी लिहिण्यास मनाची केवढी तयारी लागते!

लक्ष्मीबाईंची चाळीस वर्षे आणि बेबीताईंची वीस वर्षे मी एका मापाने मोजू इच्छीत नाही. लक्ष्मीबाईंनी आपले दुःख मनात मुरू दिले. बेबीताईंचे लिहून झालेले शब्द भीतीने कोंडून राहिले. पहिल्या विलंबातून समतोल येतो. दुसऱ्यातून तो आला असेल तर ते त्या स्त्रीचे कर्तृत्व होय, कोंडणाऱ्याचे नव्हे. आणि ज्याच्यावर आज अन्याय होत आहे त्याने आजच बोलावे, मोबाइलवर बोलावे, ओरडून बोलावे, त्याला थांबा म्हणण्याचा हक्क या सभागृहातील कोणालाही नाही. मी जे बोललो ते माझ्यासारख्यांसाठी आहे, ज्यांचे पोट भरलेले आहे, ज्यांना बोलण्यास कोणी अटकाव केलेला नाही, आणि तरीही ज्यांच्या लिहिण्याबोलण्यात बाप, बायको, शेजारी, विरोधक यांपैकी कोणी आपल्या खऱ्या चेहऱ्याने दिसत नाही.